भरलेल्या टेम्पोची रेंज सांगा : रस्ते वाहतूक मंत्रालय आणि एआरएआय यांना खुलं पत्र

प्रति,
मा. सचिव, केंद्रीय रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्रालय, नवी दिल्ली
मा. संचालक, ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया (एआरएआय), पुणे
प्रत : मा. परिवहन आयुक्त, महाराष्ट्र राज्य

विषय : इलेक्ट्रिक मालवाहू गाड्यांची रेंज पूर्ण भारासह मोजून जाहीर करण्याबाबत

महोदय,

मी पुण्यातला छोटा वाहतूकदार आहे. मार्केट यार्डातून किराणा आणि भुसार माल सासवड, जेजुरी, नीरा या पट्ट्यातल्या दुकानांना पोचवायचा आणि परतीला सीताफळ, अंजीर, भाजीपाला, जे मिळेल ते भरून आणायचं, हा माझा धंदा. डिझेलचा एक जुना टेम्पो आहे. त्याच्या जोडीला कर्ज काढून दोन इलेक्ट्रिक टेम्पो घेतले.

आधीच सांगतो, हे पत्र इलेक्ट्रिक गाड्यांच्या विरोधात नाही. घरच्या मीटरवर रात्री चार्ज केलेली गाडी डिझेलपेक्षा कितीतरी स्वस्तात चालते. धूर नाही, धडधड नाही, क्लच दाबून पाय दुखत नाही. माझे ड्रायव्हर आता डिझेलच्या गाडीवर जायला नाक मुरडतात. गाडी चांगली आहे. माझं भांडण तिच्या ब्रोशरवर छापलेल्या एका आकड्याशी, म्हणजे रेंजशी आहे, आणि तो आकडा ज्या नियमाने ठरतो तो नियम आपल्या हातात आहे, म्हणून हे पत्र आपल्याला.

एका चार्जमध्ये अमुक किलोमीटर, असं शोरूमच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असतं. खाली बारीक अक्षरांत ‘प्रमाणित’, म्हणजे एआरएआयसारख्या चाचणी संस्थेने मोजलेला. आम्ही तो आकडा धरून भाड्याचा हिशेब करतो, फेऱ्या ठरवतो, बँकेला कागद देतो. मग गाडी येते, पेटी मालाने भरते, दिवे घाट लागतो आणि त्या आकड्याचा दोन तृतीयांशही हाती लागेल की नाही याची खात्री राहत नाही. विचारायला गेलं की ठरलेलं उत्तर मिळतं : “चालवण्याच्या पद्धतीवर अवलंबून असतं साहेब.” असतं, मान्य. पण भरलेला टेम्पो भरलेल्या टेम्पोसारखा चालवणं ही काही ड्रायव्हरची वाईट सवय नव्हे.

एक जाहीर उदाहरण देतो, म्हणजे हे फक्त माझं रडगाणं वाटणार नाही. २०२२ मध्ये टाटांनी एस ईव्ही ही छोटी इलेक्ट्रिक मालवाहू गाडी आणली. बॅटरी २१.३ किलोवॅट-तासांची, म्हणजे आपल्या वीजबिलाच्या भाषेत २१.३ युनिटांची. वजन न्यायची क्षमता ६०० किलो, प्रमाणित रेंज १५४ किलोमीटर. २०२४ मध्ये त्याच गाडीची एक टन क्षमतेची आवृत्ती आली. बॅटरी तेवढीच, आणि प्रमाणित रेंज १६१ किलोमीटर. भार वाहायची क्षमता ४०० किलोंनी वाढली आणि रेंज सात किलोमीटरने वाढली! मधल्या दोन वर्षांत कंपनीने यंत्रणा सुधारली असेल, ती मेहनत मी नाकारत नाही. पण कुठल्याही हमालाला विचारा, तो सांगेल की पाठीवर जास्त ओझं घेतलं की माणूस लांब जात नाही. दोन्ही आकडे आपापल्या चाचणीत खरेच असणार. त्यातून एवढंच कळतं की पेटीत एक टन माल असताना गाडी किती जाईल, हा प्रश्न त्या चाचणीने विचारलेलाच नाही.

माझ्या स्वतःच्या गाडीचे कागद मी पुन्हा पुन्हा चाळले. चाचणीच्या वेळी गाडीत किती वजन धरलं होतं, हे ब्रोशरवर नाही, मालकाच्या पुस्तिकेत नाही, नोंदणीसाठी उत्पादक देतो त्या फॉर्म २२ वरही नाही. डिझेलच्या गाडीच्या फॉर्म २२ वर धुरातल्या प्रत्येक घटकाचा आकडा छापून येतो, हॉर्नचा आवाजही येतो. इलेक्ट्रिक गाडीच्या बाबतीत जो आकडा आमचं पोट ठरवतो, त्याच्यामागची एकही अट छापलेली नाही.

आता चाचणीविषयी. रेंज मोजायची पद्धत एआयएस ०४० या मानकात आहे. गाडी प्रयोगशाळेत रोलरवर चढवतात आणि ठरलेल्या चक्रानुसार, म्हणजे केव्हा किती वेग आणि कुठे थांबा या आखणीनुसार, पळवतात. चारचाकीसाठी वापरलं जाणारं भारतीय चक्र हे युरोपच्या जुन्या एनईडीसी चक्रावर बेतलेलं आहे. त्याच्या शहरी भागात कमाल वेग ताशी ५० किलोमीटर, आणि थांबे धरून सरासरी वेग ताशी २० किलोमीटरच्या आत. ज्या युरोपकडून हे चक्र आलं, तिथे २०१७-१८ पासून ते बाद झालं आणि डब्ल्यूएलटीपी ही नवी पद्धत आली. त्या पद्धतीत प्रवासी कारवर तिच्या भारक्षमतेच्या १५ टक्के वजन धरतात आणि मालवाहू गाडीवर २८ टक्के. २८ टक्के हेही माझ्या दृष्टीने थोडंच आहे, आमच्याकडे २८ टक्के भरून निघालेल्या टेम्पोला लोक रिकामाच म्हणतील. पण निदान मालवाहू गाडी आणि कार या दोन वेगळ्या वस्तू आहेत हे तिथल्या नियमाला ठाऊक आहे. ही पद्धत भारतात आणायच्या हालचाली चालू आहेत असं वाचतो. आणा, पण आणताना तोच २८ टक्के जसाच्या तसा उचलू नका. आपल्याकडे परतीचा मालही तुडुंब असतो.

रोलरवर चढ नसतो. एआरएआयच्या साहेबांना हे मी काय सांगणार? आपली संस्थाच टेकडीवर आहे. निम्मं कोथरूड रोज संध्याकाळी ‘एआरएआय टेकडी’वर फिरायला येतं आणि अर्ध्या वाटेत धापा टाकतं. तरी त्या संस्थेच्या शिक्क्याने येणाऱ्या रेंजमध्ये चढाला जागा नाही.

घाटाचा हिशेब अवघड नाही, दहावीच्या विज्ञानाचा आहे. गाडी आणि माल मिळून दोन टन धरा. एवढं वजन १०० मीटर उंच न्यायला साधारण अर्धं युनिट वीज लागते, आणि मोटर-कंट्रोलरमधली गळती धरली तर थोडी जास्तच. वरच्या उदाहरणात २१.३ युनिटांत १५४ किलोमीटर, म्हणजे युनिटला सात किलोमीटरच्या आसपास. म्हणजे दर १०० मीटर चढाला रेंजमधले चार-पाच किलोमीटर गेले. हे रस्त्यावर कापलेल्या अंतराशिवायचे, निव्वळ उंचीचे. पुण्याहून साताऱ्याकडे जा, सासवडकडे जा किंवा कोकणात उतरा. दिवे, कात्रज, खंबाटकी, बोर, वरंधा यांतला एखादा घाट आडवा येतोच. महाराष्ट्रात माल पोचवायचा म्हणजे सह्याद्री चढायचा किंवा उतरायचा.

उतारावर वीज परत मिळते, हे सेल्समन हटकून सांगतो. मिळते, पण चढताना गेलेली सगळी नाही. बॅटरी पूर्ण भरलेली असेल तर ती परतीची वीज घेतच नाही. आणि माझ्यासारख्याची गाडी चढताना किराण्याने भरलेली असते, उतरताना कधी अर्धी, कधी रिकामी. वजन जाताना खर्ची पडतं, परत मिळवायला तेवढं वजन सोबत नसतं.

आणखी एक गोष्ट आहे आणि तिच्याकडे फार कमी लोकांचं लक्ष जातं. चाचणीत गाडी बॅटरी दमेपर्यंत, ठरलेला वेग पाळता येईनासा होईपर्यंत पळवतात. रस्त्यावर असं कोण करतं? डिझेल संपलं तर क्लीनर कॅन घेऊन पंपावर जातो. चार्ज संपलेला टेम्पो दोर बांधून ओढताही येत नाही, कारण चाकं फिरली की मोटर फिरते. मागची चाकं उचलणारी क्रेन किंवा गाडी वाहून नेणारा ट्रक बोलवावा लागतो आणि त्याच्या भाड्यात आठवड्याची कमाई जाते. त्यामुळे शहाणा ड्रायव्हर वीस टक्क्यांच्या खाली जात नाही. त्यात या गाड्यांमधल्या बहुतेक बॅटऱ्या एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) जातीच्या. त्या टिकाऊ आहेत, उन्हात तुलनेने सुरक्षित आहेत, पण भरपूर चार्ज असो की कमी, त्यांचा व्होल्टेज जवळपास सारखाच राहतो. त्यामुळे आत नेमकं किती उरलंय याचा अंदाज गाडीच्या संगणकालाही नीट येत नाही. पंचवीस टक्के दाखवणारा आकडा बघता बघता बारावर येतो. ज्याच्यावर हे घाटाच्या मधोमध आलंय, तो पुढच्या वेळी तीस टक्क्यांवरच परत फिरतो. दुपारी फास्ट चार्जरवर लावलं तर ऐंशीच्या पुढे चार्जिंग मंदावतं, म्हणून बहुतेक जण तिथेच काढतात. म्हणजे दुपारच्या चार्जवर वरचे वीस गेले, खालचे वीस गेले, हाती उरले साठ. ब्रोशरवरचा आकडा मात्र पूर्ण शंभराचा.

कारवाल्यांच्या बाबतीत निदान थोडा प्रामाणिकपणा आला आहे. २०२४ मध्ये टाटांनीच कर्व्ह ही इलेक्ट्रिक कार आणली तेव्हा मोठ्या बॅटरीच्या गाडीची प्रमाणित रेंज ५८५ किलोमीटर सांगितली आणि सोबत स्वतःहून दुसरा आकडा दिला : ४०० ते ४२५, म्हणजे पंचाहत्तर टक्के ग्राहकांना रस्त्यावर प्रत्यक्ष मिळेल असा. दोन आकड्यांतलं अंतर बघा. जी कंपनी स्वतः हे अंतर मान्य करते तिचं मी कौतुकच करीन. मालवाहू गाड्यांमध्येही काही उत्पादक ‘खरी रेंज’ म्हणून वेगळा आकडा सांगू लागले आहेत. पण तो किती वजनावर, कुठल्या रस्त्यावर, कोणी मोजला, हे त्यांचं त्यांनाच ठाऊक. त्यावर सरकारी शिक्का नाही, त्यामुळे दोन कंपन्यांच्या ‘खऱ्या’ रेंजची तुलना करता येत नाही. कार घेणारा माणूस रेंज कमी पडली तर वैतागतो, वाटेत चहा पितो, चार्ज करतो. आमची रेंज कमी पडली तर दुसरी फेरी रद्द होते, दुकानदार पुढच्या वेळी डिझेलवाल्याला फोन करतो आणि हप्त्याची तारीख मात्र तीच राहते.

दुसरी फेरी वाचवायची तर वाटेत चार्ज करायला हवं, आणि इथे आणखी एक गाऱ्हाणं. सार्वजनिक चार्जर वाढले आहेत, मान्य. पण ते कोणासाठी? मॉलच्या तळघरात आहेत, तिथे उंच पेटीची गाडी शिरतच नाही, आणि शिरेल एवढी ठेंगणी असली तरी रखवालदार गेटवरूनच हात करतो : मालाच्या गाड्यांना बंदी. हॉटेलांच्या आवारात आहेत, तिथली जागा कारच्या मापाने आखलेली. केबल पोचेल अशी गाडी लावली तर मागची दोन कार अडतात आणि शिव्या आम्हाला. महाराष्ट्राच्या २०२५ च्या ईव्ही धोरणात महामार्गांवर दर २५ किलोमीटरला चार्जिंगची सोय करायचं म्हटलं आहे. उत्तम. त्यातल्या किती ठिकाणी सामान भरलेला टेम्पो सरळ आत घेऊन सरळ बाहेर काढता येईल, याचा कोणी विचार केला आहे का? आज माझे ड्रायव्हर सासवडला ओळखीच्या दुकानदाराकडे पंधरा अँपियरचा प्लग मागतात. माणसं चांगली आहेत, देतात, पण कोणाच्या भिडेवर रोजचा धंदा किती दिवस चालवायचा?

टोलमाफीच्या आणि केंद्राच्या अनुदानाच्या यादीतही आमचं नाव सापडत नाही. राज्याच्या याच ईव्ही धोरणातून अटल सेतू, मुंबई–पुणे द्रुतगती मार्ग आणि समृद्धी महामार्गावर इलेक्ट्रिक कारना आणि बसना टोलमाफी मिळाली. मालवाहू गाड्या वगळल्या. केंद्राच्या पीएम ई-ड्राइव्ह या अनुदान योजनेत तीनचाकी घेतल्या, मोठे ट्रक घेतले. मधला, साडेतीन टनांच्या आतला चारचाकी टेम्पो नाही. शहरात दिवसभर गल्लीबोळांतून फिरणारी, सिग्नलला धूर सोडणारी गाडी नेमकी हीच, आणि तीच इलेक्ट्रिक व्हावी म्हणून केंद्राचा हात पुढे येत नाही. टोलचा प्रश्न राज्याचा, म्हणून प्रत परिवहन आयुक्तांना.

केंद्राचं अनुदान नसेल तर नसू दे, एक वेळ चालेल. खरा आकडा सांगायला सरकारला पैसे लागत नाहीत.

कोणी म्हणेल, हा व्यापारी माणूस, याला ग्राहक म्हणून तक्रार करता येते का? येते. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार जो केवळ स्वयंरोजगारातून स्वतःची उपजीविका चालवण्यासाठी वस्तू घेतो, तो ग्राहकच आहे. स्वतः टेम्पो घेऊन स्वतः चालवणारे हजारो लोक या व्याख्येत बसतात. त्या प्रत्येकाने आयोगाची पायरी चढून वकिलाला पैसे द्यावेत, की एका अधिसूचनेने ब्रोशर सुधारावं, हे आपण ठरवायचं आहे.

माझ्या मागण्या अशा :

१. प्रत्येक इलेक्ट्रिक मालवाहू गाडीची, तीनचाकीसकट, रेंज पूर्ण भार घालून मोजावी. जिथे जिथे प्रमाणित आकडा छापला जाईल, तिथे हा आकडा तेवढ्याच मोठ्या अक्षरांत शेजारी असावा. एकाच ठिकाणी एक आकडा द्यायचा असेल तर पूर्ण भाराचा द्यावा.

२. चढाचा आकडा द्यावा. पूर्ण भारासह १०० मीटर चढायला किती युनिट लागतात, एवढं कळलं तरी घाटातला ड्रायव्हर आपला हिशेब आपण करेल. यासाठी नवी प्रयोगशाळा बांधायची गरज नाही.

३. चाचणीचं वजन, चक्र, तापमान आणि बॅटरीची वापरता येण्याजोगी क्षमता फॉर्म २२ वर छापावी. शोरूममध्ये मिळणारा कागद बदलतो, आरटीओत जमा होणारा बदलत नाही.

४. ‘खरी रेंज’, ‘रस्त्यावरची रेंज’ असे शब्द वापरायचे तर ती मोजायची एकच पद्धत ठरवून द्यावी, नाहीतर ते शब्द जाहिरातीत वापरायला मनाई करावी.

५. मालवाहू गाडीला पहिली आठ वर्षं दर दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी फिटनेस करून घ्यावा लागतो. ब्रेक, दिवे, वायपर सगळं तपासता, त्याच वेळी बॅटरीचं आरोग्य किती टक्के उरलं आहे हेही मोजून प्रमाणपत्रावर नोंदवावं. आज जुना इलेक्ट्रिक टेम्पो विकायला काढला तर घेणारा बॅटरीकडे बोट दाखवून भाव पाडतो, आणि त्याला उत्तर द्यायला माझ्याकडे कागद नसतो. बँकाही जुन्या इलेक्ट्रिक गाडीवर कर्ज द्यायला याच कारणाने कां कूं करतात.

६. सरकारी पैशातून किंवा सरकारी जागेवर उभ्या राहणाऱ्या प्रत्येक चार्जिंग केंद्रात मालवाहू गाडीसाठी निदान एक जागा राखीव असावी, आत-बाहेर सरळ करता येईल अशी. बाजार समित्यांच्या आवारांपासून सुरुवात करा. तिथे टेम्पो तासन्‌तास माल भरायची वाट बघत उभेच असतात, तो वेळ फुकट जातो.

७. टोलमाफीच्या यादीत साडेतीन टनांपर्यंतच्या इलेक्ट्रिक मालवाहू गाड्या घ्याव्यात.

यातल्या पहिल्या तीन मागण्या सगळ्यात महत्त्वाच्या. बाकीच्यांवर चर्चा करायची असेल तर करू, वेळ लागणार असेल तर थांबू. पण गाडी भरल्यावर किती जाते, हे विकत घेण्याआधी कळायला हवं. त्यात चर्चा करण्यासारखं मला तरी काही दिसत नाही.

उत्पादक म्हणतील, पूर्ण भाराचा आकडा छापला तर लोक गाड्या घेणार नाहीत. मला उलट वाटतं. आज जो माणूस १५० च्या भरवशावर गाडी घेतो आणि १०० वर अडकतो, तो गावभर सांगत फिरतो की इलेक्ट्रिक घेऊ नका. त्यालाच आधी १०० सांगितलं असतं, तर रोज ऐंशी किलोमीटर चालवणाऱ्याने आनंदाने घेतली असती आणि शेजाऱ्यालाही घ्यायला लावली असती. माझा स्वतःचा सासवडपर्यंतचा मार्ग या गाडीला सहज जमतो. नीरा जमत नाही. हे मला पैसे भरायच्या आधी माहीत असतं तर तिसरी गाडीही इलेक्ट्रिकच घेतली असती, फक्त मोठ्या बॅटरीची.

एआरएआयला माझा एक प्रस्ताव आहे. माझे दोन्ही टेम्पो आपल्याकडे एक दिवस घेऊन येतो. माल माझा, ड्रायव्हर माझा. वजनकाट्यावर पूर्ण भारापर्यंत भरू, ओव्हरलोड एक किलोही नाही. आपली दोन माणसं मीटर लावून सोबत बसवा. हडपसरहून निघू, दिवे घाट चढू, सासवड, जेजुरी करून परत येऊ आणि जो आकडा येईल तो आपल्या संकेतस्थळावर टाका, माझ्या बाजूचा असो की नसो. मार्केट यार्डाची सुट्टी सोडून कुठलाही दिवस सांगा.

आपला,
पुणे–सासवड मार्गावरचा एक वाहतूकदार